यंदा नारळ जड आलेत

पोट दुखतंय म्हणून एखादं मूल माझ्याकडे आलं, की मी आधी त्याच्या पोटाला हात लावत नाही. मी विचारते, "शाळेत प्रार्थनेला रांगेत कितवा उभा राहतोस?" आईवडील एकमेकांकडे बघतात. बाईंचं वय झालं, हे काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. मूल मात्र लगेच उत्तर देतं, कारण रांगेतली जागा हा मुलांच्या लेखी इभ्रतीचा मामला असतो. उंचीप्रमाणे रांग लावायची आपल्या शाळांची जी पद्धत आहे, तिचे माझ्या व्यवसायावर फार उपकार आहेत. "आधी मागून तिसरा होतो, आता पुढून दुसरा," असं उत्तर आलं, की मी खुर्ची पुढे ओढून बसते.

अलिबागेत लहान मुलांची डॉक्टर म्हणून माझी उभी हयात गेली. आता दवाखाना भाचीने चालवायला घेतलाय. मी सकाळी दोन तास जाऊन बसते, ते तिच्या मते मदतीला आणि माझ्या मते देखरेखीला. दिवाळी अंकासाठी मी मुलांच्या आतड्यांवर लिहिणार आहे हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "आत्या, लोक चकली खात वाचतात गं," म्हणाली. मी म्हटलं, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत ते जेवताना दुसरं कशावर बोलतात? आज झाली का, कशी झाली, किती वेळा झाली. तेव्हा चकली खाली ठेवायची गरज नाही, वाचा खुशाल.

आधी एक दिलासा देते. पोट दुखणारी बहुतेक मुलं ठणठणीत असतात. त्यांचं दुखणं बेंबीभोवती असतं, शाळेच्या दिवशी सकाळी सुरू होतं आणि बस गेली की थांबतं. रविवारी ते सहसा सुट्टीवर असतं. ती मुलं नाटकी नसतात बरं का, त्यांना खरंच दुखतं. पण ती वाढत असतात, खेळत असतात, पायातल्या चपला दर वर्षी लहान होत असतात. त्यांना औषधापेक्षा गणिताच्या मास्तरांची बदली जास्त लागू पडते.

मी सांगणार आहे ते थोड्या मुलांबद्दल. त्यांच्या आजाराचं नाव लांबलचक आहे, इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. आम्ही आयबीडी म्हणतो. शरीराचे पहारेकरी, ज्यांनी बाहेरच्या जंतूंशी लढायचं, ते घरच्याच आतड्यावर धावून जातात आणि तिथे सूज आणि जखमा करून ठेवतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. याचे मुख्य प्रकार दोन. एक फक्त मोठ्या आतड्यात राहतो, त्यात शौचातून रक्त पडतं, त्यामुळे तो निदान दार वाजवून येतो. दुसरा, क्रोन्स नावाचा, तोंडापासून शेवटापर्यंत कुठेही बसतो आणि मोठा लबाड असतो. मोठ्या माणसात तो पोटदुखीने, जुलाबाने ओळखू येतो. मुलांत तो कधी नुसताच अंगात ताप ठेवतो, कधी गुडघा सुजवतो, कधी तोंड आणतो. कधी यातलं काहीच करत नाही, फक्त मुलाची वाढ थांबवतो. आणि वाढ थांबणं कोणाला दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी डॉक्टरकडे येत नाही.

रेवदंड्याचा एक मुलगा आठवतो. वडिलांची होडी होती. आई त्याला दंडाला धरून घेऊन आली आणि दारातूनच निदान सांगितलं. "डाक्टरीनबाई, पोराला मूलव्याध झायली हाय. याच्या आज्यालापन व्हती. त्याचाच मलम लावतंय, पन गुन न्हाय." आज्याचा मलम नातवाला! मुलगा लाजून चूर, तपासू देईना. आमच्या धंद्यात काही जागा अशा आहेत, की मूल दाखवत नाही, आईवडील विचारत नाहीत आणि घाईतला डॉक्टर बघत नाही. क्रोन्सला नेमक्या त्याच जागा आवडतात. मी तेव्हापासून भाचीला आणि तिच्या वयाच्या सगळ्या डॉक्टरांना एकच गोष्ट घोकायला लावते. लहान मुलाला मूळव्याध झाली असं कोणी म्हणालं, तर ती मूळव्याध नाही असं धरून चला आणि पडदा ओढून नीट बघा. तो मुलगा आता बापाची होडी चालवतो. बांध्याने लहानखुराच राहिला, कारण आजार कळायला फार उशीर झाला होता. मला भेटला की पापलेटाची जोडी हातात कोंबतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा तो इतका सहज हाताला येतो, की दर वेळी आत काहीतरी टोचतं.

म्हणून मला नागावच्या अप्पांची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना टोचत नाही.

अप्पांची नागावला नारळी-पोफळीची वाडी आहे. मुलगा आणि सून वाडीतच होमस्टे चालवतात. अप्पांना जगात दोनच गोष्टींचा अभिमान, एक वाडीतले नारळ आणि दुसरी नात, सई. सई आठव्या महिन्यात जन्मली. एवढीशी, तळहातावर मावेल अशी. माझ्याच देखरेखीखाली ती काचेच्या पेटीत होती आणि अप्पा बाहेरच्या बाकावर बसून होते. त्या बाकावर बसूनच त्यांनी गावदेवीला नवस केला. पोर जगली तर ती बारा वर्षांची होईपर्यंत दर वर्षी उत्सवात तिची नारळांनी तुला करीन. म्हणजे मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात पोर, दुसऱ्यात वाडीतले नारळ. पारडी समान झाली की ते नारळ देवीपुढे ठेवायचे आणि मग फोडून गावभर वाटायचे.

पोर जगली. दर वैशाखात तुला होऊ लागली. दर वर्षी माझ्याकडे प्रसादाचे दोन नारळ यायचे आणि त्यांच्याबरोबर अप्पांचा निरोप, "पोरीला यंदा गेल्या वर्षापेक्षा जास्त लागले." सई मात्र पुढेपुढे दवाखान्यात दिसेनाशी झाली. त्यात काही विशेष नव्हतं. लसी संपल्या की मुलं डॉक्टरच्या नजरेआड होतात, ती एकदम लग्नाची पत्रिका घेऊन उगवतात. माझ्या व्यवसायाची हीच मोठी खंत आहे. ज्या वयात मुलं भराभर वाढायला हवीत, नेमकं त्याच वयात त्यांना कोणी मोजत नाही.

बाराव्या आणि शेवटच्या तुलेला अप्पांनी मला आग्रहाने बोलावलं. पेटीतल्या पोरीची बारा वर्षं पुरी झाली, ती बघायला पेटीवाल्या डॉक्टरीणबाई नकोत का? मी गेले. देवळापुढे मांडव होता, आंब्याच्या फांदीला तराजू टांगलेला, शेंडी ठेवून सोललेल्या नारळांचा ढीग. हिरवा परकर-पोलका घातलेली एक मुलगी पारड्यात मांडी घालून बसली होती. मला वाटलं, ही धाकटी कोणीतरी, गंमत म्हणून बसवलीय. मग अप्पांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या लक्षात आलं की हीच सई.

नारळ चढत गेले. पारडं हललं, सई अलगद वर उचलली गेली. टाळ्या वाजल्या. अप्पांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मंडळी, ऐका! गेल्या वर्षापेक्षा दोन नारळ कमी लागले. पोर वर्षाने मोठी झाली आणि नारळ मात्र कमी! म्हणजे यंदा नारळ केवढे जड आलेत बघा. सगळं शेणखत आहे, बाजारचं चिमूटभर नाही."

कौतुकाची लाट उसळली. वाडीवाल्यांच्या गावात नारळाचं वजन हा गंभीर विषय असतो. लोकांनी ढिगातले नारळ उचलून, कानाशी हलवून पाहिले. "खरंच हो, दाट खोबरं आहे," असं एकाने प्रमाणपत्रही दिलं. शेजारच्या वाडीचे बापूकाका, ज्यांचं अप्पांशी नारळांवरून आयुष्यभर लागतं, त्यांनीसुद्धा मान तुकवून रोप करायला बियाण्याचे चार नारळ मागितले. अप्पांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण असावा. इतकी माणसं होती तिथे, शिकलीसवरलेली, शाळेतले शिक्षक होते, बँकेतले साहेब होते. एकाच्याही मनात आलं नाही, की नारळ जड झाले नसतील, पोर हलकी झाली असेल. नागावात माणूस आधी नारळाकडे बघतो, त्याला कोण काय करणार!

माझ्या हातातला प्रसाद हातातच राहिला. पंगत बसली तेव्हा मी मुद्दाम सईच्या शेजारचं पान धरलं. तिने भात दह्यात कालवला होता आणि आमटीची वाटी दूर सारली होती.

"तोंड आलंय का गं?"

"नेहमीच येतं."

"आणि प्रार्थनेला कितवी उभी राहतेस?"

"पहिली. बाई म्हणतात मी पुढे गोड दिसते."

"चौथीत कितवी होतीस?"

"मागून दुसरी," ती म्हणाली. "माझ्यामागे फक्त गौरांगी असायची."

सईची आई, वीणा, वाढायला आली. तिला वाटलं मी सईच्या पानाकडे बघून रागावतेय. "खाण्याचे नुसते नखरे आहेत हो हिचे. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. बाकी शहाणी आहे. वस्तू कशा जपते! ह्या चपला बघा, पाचवीत घेतलेल्या, अजून..." बोलता बोलता तिची नजर सईच्या पायांपाशी काढलेल्या चपलांवर गेली. मग पायांवर गेली. सई तेव्हा सातवीत होती. वीणा हातातली पळी तशीच धरून उभी राहिली, आणि मला पुढचं काही बोलावं लागलं नाही.

अप्पांशी मात्र बोलावं लागलं. जेवणं झाल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की सईला तपासायला हवं, तिची वाढ अडलीय असं दिसतंय.

"म्हणजे माझे नारळ हलके म्हणता तुम्ही?"

"नारळ उत्तमच आहेत, अप्पा. सई हलकी आहे."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आज नवस फिटला माझा. देवीने पोर बारा वर्षं सांभाळून पदरात घातली. आजच्या दिवशी तुम्ही तिला आजार चिकटवू नका, डॉक्टरीणबाई." एवढं बोलून ते मांडवात निघून गेले. त्या वर्षी माझ्याकडे प्रसादाचे नारळ आले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण राग आला नाही. ज्या माणसाने बाकावर बसून पोर मागून घेतलीय, त्याला पुन्हा त्याच बाकावर बसायला सांगणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

चार-पाच दिवसांत वीणा सईला घेऊन दवाखान्यात आली. मी सईला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून मी काही बोलायच्या आत सईच म्हणाली, "त्या दिवशी याहून जास्त होतं."

"कोणत्या दिवशी?"

तिने आईकडे पाहिलं, मग खाली. "तुलेच्या दिवशी मी परकराच्या आत जीन्स घातली होती. आणि पोलक्याच्या आत स्वेटर."

"वैशाखात? स्वेटर?" वीणा जवळजवळ ओरडली.

"मग काय करणार? अप्पा सगळ्यांना सांगतात ना, यंदा जास्त लागले म्हणून. गेल्या वर्षी थोडेच जास्त लागले होते, तेव्हा ते घरी येऊन गप्प बसले होते. यंदा कमी लागले असते तर?"

वीणा रडायला लागली. मीसुद्धा चष्मा पुसला. एवढ्या गावात एकच माणूस खरं काय ते जाणून होतं, आणि ते माणूस वैशाखाच्या उन्हात स्वेटर घालून पारड्यात बसलं होतं. तरीही दोन नारळ कमीच लागले, हे लक्षात घ्या.

एकदा बोलायला लागल्यावर सईने सगळं सांगितलं. जेवलं की पोटात उजवीकडे खाली दुखतं, म्हणून कमी जेवायचं. तिचा अर्धा डबा शाळेमागची कुत्री खात होती. झोपेतून उठून शौचाला जावं लागतं. चांगली न्हाणीघरं पाहुण्यांच्या खोल्यांना दिलेली, घरच्यांचा संडास वाडीच्या टोकाला. पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून ती पायांचा आवाज न करता जायची. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तिने आईला एकदा सांगितलंही होतं. सगळ्या खोल्या भरलेल्या, वीणाने चुलीपुढूनच ओवा-मीठ दिलं आणि जंताची गोळी. वीणाचं काय चुकलं? पोटदुखीला आपण सगळे तेच देतो. आणि हे एक जाता जाता सांगून ठेवते, नेहमीच्या पोटदुखीने मूल झोपेतून उठत नाही. जी पोटदुखी गाढ झोपलेल्या मुलाला उठवते, तिला ओव्यावर सोडू नये.

मी पडदा ओढून नीट तपासलं. जे दिसायची भीती होती ते दिसलं, रेवदंड्याच्या मुलासारखीच शौचाच्या जागी जखम. रक्त कमी होतं, अंगात सूज असल्याचं रक्ताने आणि शौचाच्या तपासणीनेही सांगितलं. मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, मुलांच्या आतड्यांचे तज्ज्ञ आहेत तिथे, चिठ्ठी दिली. आपल्याकडे या निदानात एक अडचण असते. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि तो आपल्याकडे पुष्कळ आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर घात होऊ शकतो. त्यामुळे दुर्बिणीने आतलं बघणं, तुकडा तपासणं, थांबणं, पुन्हा तपासणं, यात बराच काळ जातो. घरचे लोक त्या काळात पार पिचून जातात.

याच काळात एका सकाळी मी दवाखान्यात पोहोचले तर बाहेरच्या बाकावर अप्पा. बाक तोच, पेटीच्या वेळचा, फक्त रंग नवा. मी शेजारी बसले. ते बाकाच्या नव्या रंगावरून बोट फिरवत होते.

"स्वेटरचं सांगितलं सुनेने," शेवटी म्हणाले. "माझ्यासाठी घातला होता म्हणे पोरीने."

"हो."

"नवसात माझं काही चुकलं का हो?"

मी मनात आलं ते बोलले. "अप्पा, तुमची तुला नसती तर मला कळलंच नसतं. पोर शाळेत जात होती, हसत होती, कोणी मोजलं असतं तिला? तराजू खरं तेच सांगत होता. तुम्ही दुसऱ्या पारड्याकडे बघत होतात, एवढंच. सगळं गावच बघत होतं."

अप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "बरी होईल?"

"हा आजार जात नाही, पण तो झोपवता येतो. झोपला की पोर वाढते. सईचं अजून वाढायचं वय आहे. आपण वेळेत आहोत." हे शेवटचं वाक्य मला रेवदंड्याच्या आईला म्हणता आलं नव्हतं. ते म्हणताना मला स्वतःलाच किती बरं वाटलं!

निदान क्रोन्सचंच झालं. आणि मग आला उपचार, ज्याने अप्पांचं घर जवळजवळ बंड करून उठलं. मुलांच्या क्रोन्समध्ये सुरुवातीला एक विलक्षण उपाय आहे. सहा ते आठ आठवडे मुलाने काहीही खायचं नाही. खास बनवलेली दुधासारखी भुकटी पाण्यात कालवून, फक्त ती प्यायची, तेच सकाळचं, तेच रात्रीचं. आतड्याला त्यातून पूर्ण पोषण मिळतं आणि सूजही उतरते. कागदावर फार सोपं आहे. पण ज्या घरात पाहुण्याला चौथं घावन घेतल्याशिवाय उठू देत नाहीत, जिथे माया म्हणजे वाढणं, त्या घरात वाढलेल्या बारा वर्षांच्या मुलीला समोर ताट असताना पेला द्यायचा! त्यात मधेच गणपती आले.

"पोर वाळलीय म्हणून अन्न बंद करायचं? कुठलं शास्त्र हे?" अप्पांनी फोनवरून माझी हजेरी घेतली. मी समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "नारळाचं पाणी तरी चालेल? ते काय अन्न नव्हे." नाही म्हटलं. "देवीचं तीर्थ?" पळीभर चालेल म्हटलं. फोन ठेवताना ते जरा खूश वाटले.

सई मात्र अप्पांपेक्षा खंबीर निघाली. पेल्यातल्या चवीबद्दल तिचं मत वाईट होतं. "डॉक्टर, डब्यावर व्हॅनिला लिहिलंय. आमच्या खोल्यांना ऑइलपेंट दिला तेव्हा असाच वास येत होता." पण नाक धरून प्यायची. दुसऱ्या आठवड्यात तिने मला स्वतः फोन करून सांगितलं, की आता पोट दुखत नाही आणि रात्री एकदाच झोपते ती सकाळीच उठते. ते "एकदाच" तिने इतक्या ऐटीत म्हटलं, की मी भाचीला हाक मारून फोन तिच्या कानाला लावला.

चतुर्थीला मी दर्शनाच्या निमित्ताने मुद्दाम नागावला गेले. आत मोदक वळायचं काम चाललं होतं आणि मोदकांच्या मधोमध सई बसली होती. तिच्या कळ्या सगळ्यांत बारीक आणि नेटक्या होत्या.

"त्रास नाही होत गं, नुसते वळायचे आणि खायचे नाहीत?"

"सगळे मला बिच्चारी म्हणतात त्याचा त्रास होतो. म्हणून म्हटलं कामाला लागावं."

आरती झाली, पानं मांडली. अप्पा पानावर बसलेच नाहीत. ओटीवर सई पेला घेऊन बसली होती, तिच्याशेजारी जाऊन टेकले. वीणाने हळूच मला सांगितलं, सईचा पेला सुरू झाल्यापासून अप्पांनी नारळ सोडलाय. चटणीत नाही, आमटीत नाही, मोदकात नाही. ज्यांच्या घरी नारळाशिवाय चूल पेटत नाही, त्यांनी! कोणी विचारलं तर पित्ताचं कारण सांगतात. मी त्यांना म्हणाले, "अप्पा, तुमच्या न खाण्याने तिच्या आतड्याची सूज उतरत नाही." ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. पण घशाखाली उतरत नाही त्याला काय करू?" सईने पेला रिकामा केला, पांढऱ्या मिशा पुसल्या आणि आजोबांना विचारलं, "अप्पा, यंदाचे मोदक कोणी वळलेत सांगा बघू?" ती दोघं त्या ओटीवर मजेत होती. मोदक खाल्ला तो मीच, आणि एकच खाऊन थांबले नाही.

दसऱ्याच्या सुमाराला सई हळूहळू जेवू लागली. आता रोज गोळ्या आहेत, ठरावीक काळाने मुंबईची फेरी आहे, अधूनमधून रक्ताची तपासणी आहे. आजार झोपलेला आहे, तो कधी कूस बदलेल सांगता येत नाही, हे सईलाही माहीत आहे आणि तिच्या आईलाही. घरच्यांसाठी घरातलं एक न्हाणीघर परत घेतलंय, होमस्टेची एक खोली कमी झाली. गेल्या दिवाळीला वीणाने पेढ्यांचा पुडा आणला, मी म्हटलं कशाचे? म्हणाली, चपलांचे. सईला चपला लहान झाल्या होत्या.

आणि मग यंदाच्या वैशाखात अप्पांचा निरोप आला, तुलेला या. मी म्हटलं, नवस तर फिटला ना? तर म्हणाले, "देवीचा फिटला. ही माझी हौस."

तोच मांडव, तोच आंबा, तोच तराजू. अप्पांनी गेल्या वर्षीच्या अंदाजाने आणि वर थोडे जास्तीचे असे नारळ सोलून ठेवले होते. सई आली. अंगात पातळ सुती फ्रॉक होता. पारड्यात बसायच्या आधी माझ्याजवळ येऊन तिने फ्रॉकची बाही जरा वर करून दाखवली आणि कुजबुजली, "यंदा आत काही नाही."

"आणि रांगेत?"

"मधोमध. गौरांगीला गाठायला अजून वेळ लागेल."

नारळ चढायला लागले. गेल्या वर्षीचा ढीग संपला, पारडं जमिनीलाच. जास्तीचे संपले, पारडं जरा हललं आणि पुन्हा टेकलं. लोक पुढे सरकले. गडी वाडीकडे धावला, हाताला लागले तेवढे नारळ घेऊन आला, तेही चढले. सई पारड्यात बसून हसत होती आणि तिचं पारडं उचलायला तयार नव्हतं. आता सोललेला एक नारळ अप्पांकडे शिल्लक नव्हता. ज्या माणसाने जन्मात कोणाकडे नारळ मागितला नाही, तो सगळ्या गावासमोर वळला आणि म्हणाला, "बापू, तुझ्याकडचे दे रे जरा."

बापूकाका आयुष्यभर याच क्षणाची वाट बघत असावेत. पण त्यांनी मिजास केली नाही. मुकाट्याने घरी गेले, पाटी भरून आणली आणि आपल्या हाताने एकेक नारळ पारड्यात ठेवला. शेवटचा ठेवला तेव्हा सई जमिनीवरून उचलली गेली. मग मात्र त्यांना राहवलं नाही. "काय अप्पा, कुठे गेलं तुमचं शेणखत?"

अप्पांनी काठावरचा एक नारळ उचलला, कानाशी हलवल्यासारखं केलं. ते सईकडे बघत होते, नारळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. मग मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"मंडळी, यंदा नारळ अगदीच हलके आलेत!"